डीजीटी ३००० : बुद्धिबळाला स्पर्धा बनवणारं घड्याळ

बुद्धिबळ हा खरा क्रीडाप्रकार आहे का, यावर वाद घालणारे बहुतेक जण पटाकडे बोट दाखवतात. दोन माणसं समोरासमोर बसलेली, हालचाल मनगटापुरती, मग यात क्रीडा कुठली? पटाशेजारच्या घड्याळाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या मते वादाचा निकाल तिथेच लागतो. विरंगुळ्याचा डाव आणि स्पर्धेतला डाव यांच्या सोंगट्या सारख्याच असतात आणि चालीही. फरक घड्याळाचा असतो. म्हणून हे परीक्षण एका घड्याळाचं आहे: नेदरलँड्सच्या डिजिटल गेम टेक्नॉलॉजी कंपनीचं डीजीटी ३०००. त्याला जागतिक बुद्धिबळ महासंघाची, म्हणजे फिडेची मान्यता आहे आणि क्लबांपासून मोठ्या स्पर्धांपर्यंत ते वापरात आहे.

घड्याळाआधीची स्थिती आठवली की त्याचं महत्त्व कळतं. १८५१ च्या लंडन स्पर्धेत वेळेला मर्यादाच नव्हती. प्रतिस्पर्धी थकून चुकेपर्यंत एकेका चालीवर बसून राहणं नियमात बसत होतं आणि त्यावरून तक्रारीही झाल्या. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश या नामवंत खेळाडूंच्या सामन्यात वाळूची घड्याळं आली. १८८३ च्या लंडन स्पर्धेत एकाच दांडीवर बसवलेली जोडघड्याळं वापरली गेली. एक चालू झालं की दुसरं थांबायचं. आजच्या डिजिटल घड्याळाचा लीव्हर हा त्याच दांडीचा वंशज आहे. विचाराला मोजमाप आलं, ते संपण्याची भीती आली, आणि पटावर जिंकत असतानाही हरता येऊ लागलं.

आता वस्तूकडे. समोर एकच रुंद एलसीडी पडदा, त्यावर दोन्ही खेळाडूंचे आकडे. वर मध्यावर टेकलेला लांब लीव्हर; चाल केली की खेळाडू त्याची आपल्याकडची बाजू खाली दाबतो. पुढच्या बाजूला पाच बटणं: मागे जा, कमी करा, चालू-थांबा, वाढवा, मान्य करा. चालू-बंद करायचं बटण तळाला आहे, ही चांगली योजना. डावाच्या गडबडीत ते चुकून दाबलं जात नाही. आत दोन एए सेल. घड्याळाला केबल जोडायची खाच (जॅक) आहे, त्यातून इलेक्ट्रॉनिक पट जोडला की थेट प्रक्षेपणात चालींबरोबर वेळही दिसते.

जुन्या डीजीटी एक्सएलशी तुलना केली तर मोठी सुधारणा पडद्यात आहे. एक्सएलवर वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ उरलेली असताना फक्त तास आणि मिनिटं दिसायची, सेकंद शेवटी यायचे. ३००० वर तास, मिनिटं, सेकंद पहिल्यापासून दिसतात. दर चालीला ३० सेकंद जादा मिळणाऱ्या डावात हे फार उपयोगी आहे, कारण चाल केल्यावर ही वाढ खरोखर जमा झाली की नाही हे तिथल्या तिथे कळतं.

वेळ लावण्याची पद्धत अशी. तळाचं बटण दाबून घड्याळ चालू करा. वाढवा-कमी करा बटणांनी आधीच भरून ठेवलेल्या पर्यायांपैकी हवा तो निवडा आणि मान्य करा. पांढऱ्या सोंगट्यांच्या खेळाडूकडची लीव्हरची बाजू वर आहे ना ते पाहा, कारण वर असलेल्या बाजूची वेळ धावते. मग चालू-थांबा दाबा. इतकंच. बहुतेक नेहमीच्या स्पर्धांचे पर्याय आत असतात. नसेल तर हाताने भरता येतं, आणि चुका इथेच होतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक पहिल्या चालीची. ९० मिनिटं आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद, असा नियम असेल तर डाव सुरू होण्याआधी पडद्यावर १:३०:३० दिसायला हवं. १:३०:०० दिसत असेल तर दोघांनाही ३० सेकंद कमी मिळालेत. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावात कदाचित कुणाला कळणारही नाही. पण ३ मिनिटं अधिक २ सेकंदांच्या ब्लिट्झमध्ये, म्हणजे झटपट डावात, शेजारच्या पटावर ३:०२ आणि आपल्या पटावर ३:०० असेल तर तक्रार होते, आणि ती रास्त असते. पंचांनी फेरी सुरू होण्याआधी रांगेतून एकदा फिरून सगळे पडदे सारखे आहेत ना, एवढंच पाहिलं तरी निम्मे तंटे मिटतात.

दुसरी चूक वाढ आणि विलंब यांची गल्लत. वाढीच्या, म्हणजे फिशर पद्धतीत प्रत्येक चालीनंतर ठरलेले सेकंद तुमच्या खात्यात जमा होतात. ५ सेकंदांची वाढ असेल आणि तुम्ही ३ सेकंदांत खेळलात तर २ सेकंद कमावता. विलंबाच्या, म्हणजे ब्रॉन्स्टाइन पद्धतीत वापरलेलीच वेळ परत मिळते, तीही मर्यादेपर्यंत. ५ सेकंदांची मर्यादा असेल आणि ३ सेकंद वापरलेत तर काहीच गेलं नाही, काही मिळालंही नाही. ८ वापरलेत तर ३ गेले. म्हणजे फिशरमध्ये वेळ वाढू शकते, ब्रॉन्स्टाइनमध्ये कधीच वाढत नाही. चुकीचा पर्याय लागला तर पहिल्या काही चालींत फरक किरकोळ वाटतो आणि पन्नासाव्या चालीला एक खेळाडू मिनिटांनी मागे असतो. माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने वाढीच्या कल्पनेच्या पेटंटसाठी १९८८ मध्ये अर्ज केला आणि १९९२ च्या स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात ती प्रत्यक्ष वापरली. आज कुठल्याही कंपनीचं चांगलं घड्याळ ती देतं. ही गोष्ट वादाच्या दृष्टीने मोलाची आहे, त्याकडे पुढे येतो.

तिसरी अडचण दोन टप्प्यांच्या वेळेत. ४० चालींसाठी ९० मिनिटं आणि नंतर ३० मिनिटं, अशा नियमात दुसरा टप्पा दोन प्रकारे जोडता येतो. एक, चाली मोजून चाळिसाव्या चालीनंतर. दोन, पहिल्या टप्प्याची वेळ शून्यावर आल्यावर. चाली मोजण्याची पद्धत कागदावर नेमकी वाटते, पण घड्याळ पटावरच्या चाली मोजत नाही, लीव्हरचे दाब मोजतं. कुणी एकदा घड्याळ दाबायला विसरला आणि प्रतिस्पर्ध्याने तसंच उत्तर दिलं की मोजणी मागे पडते. मग एकेचाळिसावी चाल होऊनही ३० मिनिटं येत नाहीत आणि खेळाडू गोंधळून वर बघतो. शून्यावर जोडण्याच्या पद्धतीत हा घोटाळा होत नाही, मात्र पंचांना जागचं हलावं लागतं: वेळ शून्य झाली तेव्हा ४० चाली पुऱ्या होत्या का, हे नोंदवहीवरून तपासायचं. मला दुसरी पद्धत पसंत आहे. निर्णय माणसाने पुराव्यावरून द्यावा, बटणाच्या मोजणीवरून नको.

आता दुरुस्ती. नियमबाह्य चालीचा पहिला दंड म्हणजे प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटं, ब्लिट्झमध्ये १ मिनिट. दुसऱ्या वेळी डाव हरला. हा दंड घड्याळात भरायचा क्रम पंचांच्या बोटांत बसलेला हवा. आधी घड्याळ थांबवा. दोन्ही वेळा कागदावर लिहा. ही पायरी वगळणारा पंच एक दिवस अडकतोच. चालू-थांबा बटण ३ सेकंद दाबून धरा, आकडे लुकलुकू लागतील. वाढवा-कमी करा बटणांनी एकेक आकडा बदलत मान्य करत पुढे जा. शेवटी कागदाशी ताडून पाहा, मग चालू करा. घड्याळ चालू असताना लीव्हर फिरवून चाल ‘परत’ द्यायला जाऊ नका. चालू घड्याळात लीव्हर फिरला की वाढीचे सेकंद जमा होतात आणि ते नंतर वजा करायचे राहून जातात. नियमबाह्य चाल करून घड्याळ दाबणाऱ्यालाही वाढ मिळालेली असते, तीही काढायची.

तीन सेकंद धरून ठेवण्याची सक्ती काहींना कटकटीची वाटते. ती हवीच. सहज चाळ्याने पडद्यावरची माहिती बदलता येऊ नये, अशी फिडेची घड्याळांकडून अपेक्षा आहे. तशाच इतरही आहेत: आकडे किमान ३ मीटरवरून वाचता यावेत, कुणाची वेळ चालू आहे ते १० मीटरवरून कळावं, दुरुस्ती ६० सेकंदांत करता यावी, सेल संपत आल्याची सूचना आल्यावर घड्याळ किमान १० तास बिनचूक चालावं, आणि दोघांचीही वेळ संपली तर आधी कुणाची संपली हे खुणेने दिसावं. ही शेवटची खूण डीजीटीवर ठसठशीत दिसते. फोनवरची अॅप्स घरच्या सरावाला ठीक आहेत, पण मधेच फोन वाजला की डाव बिघडतो, काचेवर बोट निसटतं, आणि वाद झाला तर पंचाला धरायला काही उरत नाही.

इथे विरोधकांचा मुद्दा नीट ऐकायला हवा, कारण तो पोकळ नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१७ रोजी इंग्लिश ब्रिज युनियनच्या प्रकरणात निकाल दिला: डुप्लिकेट ब्रिज या पत्त्यांच्या खेळात शारीरिक अंग नगण्य आहे, त्यामुळे मूल्यवर्धित कराच्या सवलतीपुरता तो ‘स्पोर्ट’ ठरत नाही. हाच निकष लावला तर बुद्धिबळही अडचणीत येतं. दुसरीकडे इंग्लंडचाच धर्मादाय संस्थांचा २०११ चा कायदा शारीरिक किंवा बौद्धिक कौशल्याने आरोग्य वाढवणाऱ्या खेळांना क्रीडेत धरतो, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने फिडेला १९९९ मध्ये मान्यता दिली. आशियाई स्पर्धांत २००६ ला दोहात आणि २०१० ला ग्वांगझूत बुद्धिबळाची पदकं दिली गेली. म्हणजे कागदपत्रं दोन्ही बाजूंनी आहेत, आणि केवळ ती फेकून हा वाद कुणी जिंकणार नाही.

शरीराचा प्रश्न घड्याळाजवळ उभं राहून बघा. ९० मिनिटं, मग ३० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद, या नियमात ६० चालींचा डाव झाला तर प्रत्येकाच्या वाट्याला १५० मिनिटं येतात, दोघांची मिळून पाच तास. ३ डिसेंबर २०२१ ला दुबईत कार्लसन आणि नेपोम्नियाची यांचा जागतिक अजिंक्यपदाचा सहावा डाव १३६ चाली आणि पावणेआठ तास चालला. त्या डावाच्या उत्तरार्धातल्या चाली ताज्या डोक्याने घरी बसून शोधणं वेगळं आणि सातव्या तासाला घड्याळ खाली जात असताना शोधणं वेगळं. इथे कौशल्य मेंदूचं आहे, पण त्याची किंमत शरीर मोजतं. बसून खेळण्याला हरकत घेणाऱ्यांनी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची बीटा-ब्लॉकर औषधांची यादीही बघावी. तिरंदाजी, नेमबाजी, गोल्फ, बिलियर्ड्स आणि डार्ट्स यांत स्पर्धेदरम्यान ती बंद आहेत, कारण हृदयाचे ठोके आणि हाताचा कंप कमी केला की फायदा होतो. स्थिर राहणं हेसुद्धा शरीराचंच काम आहे, हे त्या यादीने केव्हाच मान्य केलंय.

आणि हात? ब्लिट्झमध्ये शेवटच्या दहा सेकंदांत हातच डाव ठरवतो. नियम कडक आहेत: ज्या हाताने चाल त्याच हाताने घड्याळ. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं), मोहरा मारणं किंवा प्यादं वजीर करणं यासाठी दोन्ही हात वापरून घड्याळ दाबलं तर ती नियमबाह्य चाल धरतात. चाल न करता घड्याळ दाबलं तरी तेच. बोट लीव्हरवर टेकवून ठेवायचं नाही, घड्याळावर जोराने मारायचं नाही, ते उचलायचं नाही. राजा आधी, मग हत्ती, मग घड्याळ, सगळं एकाच हाताने, सोंगटी न पाडता, हे तीन सेकंदांत करून बघा. ते सरावाशिवाय येत नाही. ऑनलाइन डावात हा सगळा भाग गळून पडतो. तिथे प्रतिस्पर्ध्याच्या आधीच चाल नोंदवून ठेवता येते आणि ती जवळजवळ वेळ न खाता होते. पटावरचं आणि पडद्यावरचं ब्लिट्झ हे मी दोन वेगळे क्रीडाप्रकार मानतो.

पण केवळ शरीर झिजतं म्हणून काहीही क्रीडाप्रकार होत नाही. ओझी वाहणाराही झिजतो. स्पोर्टअॅकॉर्ड या आंतरराष्ट्रीय महासंघांच्या संघटनेने वापरलेले निकष मला जास्त कामाचे वाटतात: स्पर्धा असावी, नशिबाचा भाग मुद्दाम घातलेला नसावा, खेळाडूंना अवाजवी धोका नसावा, कुठल्याही जिवाला इजा नसावी, आणि साहित्य एकाच पुरवठादारावर अवलंबून नसावं. शेवटचा निकष लोक विसरतात, आणि मला तोच सर्वांत धारदार वाटतो. डीजीटी उद्या बंद पडली तर बुद्धिबळ बंद पडणार नाही; दुसरं घड्याळ येईल, नियम तेच राहतील, कारण ते घड्याळाच्या कंपनीचे नाहीत. व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचं दुखणं इथे आहे. त्यांच्या खेळाडूंची प्रतिक्षिप्त क्रिया, सराव, ताण, सगळं खरं आहे आणि त्याबद्दल मला शंका नाही. पण खेळाची मालकी एका कंपनीकडे असते आणि ती एका अद्ययावत आवृत्तीत शस्त्राची ताकद बदलू शकते. जोवर नियमांवर खेळाडूंच्या आणि पंचांच्या संस्थेचा ताबा नाही, तोवर मी त्यांना उत्तम स्पर्धा म्हणेन, पूर्ण क्रीडाप्रकार म्हणायला थांबेन.

नियम किती बारकाईने घड्याळाला जोडलेत याचा नमुना २००८ च्या नाल्चिक इथल्या महिला जागतिक अजिंक्यपदात दिसला. मोनिका सोच्को आणि सबिना फोइशोर यांच्या निर्णायक डावात दोघींकडे राजा आणि एकेक घोडा उरला आणि फोइशोरची वेळ संपली. आधी डाव बरोबरीत दिला गेला, आणि बरोबरी फोइशोरला पुढे नेणारी होती. सोच्कोने दाद मागितली. नियम असा की प्रतिस्पर्ध्याला कुठल्याही वैध चालींच्या मालिकेने मात देणं अशक्य असेल तरच वेळ संपूनही बरोबरी. घोड्याविरुद्ध घोडा असताना, समोरच्याने अगदी वाईट खेळ केला तर मात होऊ शकते. निकाल फिरला, सोच्को जिंकली. पटावर कुणीही जिंकत नव्हतं. घड्याळ आणि लिखित नियम यांनी निकाल दिला, आणि तो तपासता येण्यासारखा होता.

घड्याळातल्या उणिवाही सांगायला हव्यात. पडद्यामागे दिवा नाही, त्यामुळे मंद उजेडात आणि तिरप्या कोनातून आकडे फिके दिसतात. घड्याळ दिव्याच्या थेट प्रतिबिंबात येणार नाही असं ठेवा. लीव्हरचा टकटक आवाज मोठ्या शांत दालनात जाणवतो. वजन हलकं आहे, गुळगुळीत टेबलावर ब्लिट्झमध्ये ते सरकतं; खाली रबरी जाळीचा छोटा तुकडा ठेवला की प्रश्न सुटतो. हाताने वेळ भरण्याची पद्धत पहिल्यांदा करणाऱ्याला कळत नाही, पुस्तिका लागते. तळाला पर्यायांची यादी आहे ही सोय, पण घड्याळ उलटं करूनच ती वाचावी लागते.

सेलबाबत निष्काळजीपणा सर्वांत महागात पडतो. दोन्ही सेल एकदम बदला, एक जुना एक नवा घालू नका. अल्कलाइन वापरा. महिनोन्‌महिने घड्याळ पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा. गळलेल्या सेलने पट्ट्या गंजतात आणि मग घड्याळ मधेच बंद पडतं, तेही नेमकं हलवलं की. कमी सेलची सूचना दिसत असताना नवी फेरी सुरू करू नका, दहा तासांची मुभा चालू डाव पुरा करण्यासाठी आहे.

घ्यावं का? क्लब, शाळा, स्पर्धा भरवणारे आणि नियमित क्लासिकल खेळणारे यांनी डोळे झाकून घ्यावं. फक्त घरी ब्लिट्झ खेळायचं असेल तर फिशर वाढ देणारं कुठलंही साधं लीव्हरचं घड्याळ पुरे. दोन टप्प्यांची सोय तुम्हाला लागणार नाही. जुनं काट्याचं घड्याळ शिकणाऱ्या मुलांसाठी चांगलं आहे, वेळ संपत आल्याचा छोटा झेंडा वर चढताना आणि पडताना दिसतो, पण त्यात वाढ देता येत नाही, म्हणून आजच्या स्पर्धेच्या तयारीला ते अपुरं पडतं. एकापेक्षा जास्त घड्याळं घेणार असाल तर सगळी एकाच प्रकारची घ्या. दोन वेगळ्या प्रकारांची बटणं आणि पर्यायांचे क्रमांक वेगळे असतात, आणि फेरी सुरू व्हायला पाच मिनिटं असताना पंचाच्या हातून चुकीचा पर्याय लागतो तो याच कारणाने.